अणुभट्टीतील पोलादाची भेग

अणुभट्टीच्या गाभ्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या स्टेनलेस स्टीलवर न्यूट्रॉनांचा अखंड मारा होत असतो आणि त्यामुळे अणू आपापल्या जागेवरून उखडले जाऊन, बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या त्या धातूच्या अंतर्रचनेत सूक्ष्म दोषांची दाटी होते. अशा पोलादात पोकळ्या निर्माण होतात, हे स्कॉटलंडमधील डौनरेच्या भट्टीतील नमुन्यांवरून कॉथॉर्न व फुल्टन या संशोधकांनी १९६७ साली निदर्शनास आणले.

परंतु या पोकळ्यांमुळे पोलाद फुगण्याहून ते तडकणे मला अधिक चिंताजनक वाटते. मारा सोसून कठीण झालेल्या पोलादावर भार पडला, की त्याची विकृती सर्वत्र न पसरता, दोष झाडून निघालेल्या अरुंद पट्ट्यांत एकवटते. आणि या पट्ट्या स्फटिककणांच्या सीमेला जेथे धडकतात तेथे, क्रोमियम घटल्याने आधीच दुर्बळ झालेल्या त्या सीमेवर, उष्ण पाण्याच्या साहचर्याने भेग पडण्याचा संभव बळावतो. फ्रान्समधील भट्ट्यांच्या गाभ्याभोवतीचे बोल्ट असेच तडकलेले आढळले.

अशा भेगांच्या अभ्यासासाठी किरणोत्सर्गी नमुने हाताळणे जिकिरीचे व खर्चाचे असल्यामुळे, एकेका अणूच्या हालचालीपासून स्फटिककणांच्या समूहापर्यंत पायरीपायरीने गणिती प्रतिमान रचणे अपरिहार्य ठरते. मात्र प्रत्यक्ष तपासणीचा दाखला नसलेल्या प्रतिमानाच्या भरवशावर कोणत्याही भट्टीची मुदत वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.