फोटो नुसता जपून ठेवू नका
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली संसारी बाई. पण एक ऐकण्याजोगी गोष्ट सांगते.

आफ्रिकेत बोट्स्वाना देशात ओकावांगो नदीच्या रानात सिंह, बिबळे, चित्ते, तरस व रानकुत्रे मोजायचे होते. शास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या २६ तुकड्यांकडून सुमारे २५,००० फोटो मिळवले. पाळीव मांजराचा माग ठेवणारे छोटे यंत्र प्रवाशांजवळ दिले. त्यामुळे फोटोची जागा कळली. दोघींची रांगोळी जशी एकसारखी नसते, तसे दोन चित्त्यांचे ठिपकेही नसतात. त्यावरून जनावर ओळखले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ही स्वस्त मोजदाद नेहमीच्या पद्धतींच्या तोडीस उतरली.

मोजायचे कशाला? डब्यात धान्य किती उरले हे ठाऊक नसेल, तर महिना निभेल कसा? जनावरांचेही तसेच.

आपल्या वाघांचे पट्टेही निरनिराळेच. तेव्हा ताडोबाला गेलात, तर फोटोबरोबर तारीख व जागा लिहून ठेवा आणि अभ्यासकांना द्या. जागेचा मात्र चारचौघांत बोभाटा नको. चोरट्या शिकाऱ्यालाही कान असतात. आणि फोटोसाठी गाडी जवळ नेण्याचा हट्ट धरू नका.

एवढे आपल्या हातचे आहे.