ठाण्याच्या त्या बाईचे काय झाले?

व्यासपीठावरचे फादर, सिस्टर्स, आणि ठाणे, कल्याण, उल्हासनगरहून रविवारच्या मेगाब्लॉकला तोंड देत डोंबिवलीला पोचलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आपल्या मेळाव्यात अध्यक्षाने काय बोलायचे हे ठरून गेलेले आहे. १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी फादर स्टीफन्सना एक हार घालायचा, ‘सुबोध बायबल’साठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना दुसरा. मग आपल्या शाळा आणि इस्पितळे मोजायची, आपला समाज किती सेवाभावी आहे ते सांगायचे आणि टाळ्या घेऊन खाली बसायचे. दोघेही मोठे आहेत, म्हणूनच आज त्यांना कामाला लावत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय : रोजच्या जगण्यातली श्रद्धा, आदर आणि करुणा. यातला आदर आपल्याला उत्तम जमतो. मिस्साला कोण काय घालून आले, ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यायचा की हातावर, यावर कोविडनंतर आपल्या ग्रुपवर जेवढी भांडणे झाली तेवढी कुणाच्या उपासमारीवर झाली नसतील. आणि करुणा? ती आपण समितीकडे दिली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसे जोडीने घरोघरी जातात, तांदूळ पोचवतात, मुलांची फी भरतात, औषधे आणून देतात. त्यांना माझा सलाम. पण त्यांनी पिशवी पोचवली की उरलेल्या आपण साऱ्यांनी हात झटकायचे, अशी जी सोय झाली आहे तिच्याशी माझे भांडण आहे. तांदूळ मोजून देता येतो. शेजारच्या भिंतीपलीकडून जे ऐकू येते ते कुठल्या समितीच्या वहीत लिहायचे?

ठाण्याचीच एक जुनी गोष्ट सांगते. अर्धी तुम्हाला पाठ आहे, मला उरलेली अर्धी हवी आहे.

एप्रिल १३२१. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन चीनला निघाले होते. जहाज कोल्लमला जायचे, ते वाऱ्याने ठाण्याच्या बंदराला आणून टाकले. तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतल्या एका घरी हे चौघे उतरले. काही दिवसांतच त्या घरात नवरा-बायकोचे भांडण पेटले आणि नवऱ्याने बायकोला मारले. ती बाई उठली आणि थेट काझीकडे गेली. काझीने पुरावा मागितला. तिने सांगितले, घरात चार परदेशी धर्मगुरू होते, त्यांच्यादेखत मारले, त्यांनाच बोलवा.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. तिथे असलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका माणसाने सुचवले, की या विद्वानांना बोलवाच, धर्मावर वाद घालू. पीटर सामान राखायला घरी थांबले, तिघे गेले. बायकोच्या माराचा विषय बाजूला पडला, धर्माचा वाद सुरू झाला, आणि शेवटी चौघांचेही प्राण गेले. त्यांच्याबरोबर आलेले डॉमिनिकन जॉर्डानस त्या वेळी बाहेरगावी होते. ते परतले आणि त्यांनी देह पुरले. थोड्याच काळाने पोर्देनोनेचे ओडोरिक आले आणि अस्थी घेऊन चीनला गेले. हा वृत्तान्त आपल्याला कळतो तो त्यांच्याकडून. २०२१ मध्ये या घटनेला सातशे वर्षे झाली.

चौघांची नावे राहिली, गावे राहिली, अस्थी समुद्रापार गेल्या. बाईचे नाव कुणी लिहिले नाही. तिची तक्रार निकालात निघाली का? नवऱ्याला कुणी जाब विचारला का? ती त्याच घरात परत गेली का? लिहिणाऱ्यांना हे विचारावेसेच वाटले नाही. आपल्यालाही सातशे वर्षांत वाटले नाही.

हीच गोष्ट ‘बघा, त्यांनी आपल्याला कसे मारले’ अशा मथळ्याखाली पुढे ढकलणारेही इथे बसले असतील. त्यांनी ओडोरिकचा वृत्तान्त शेवटपर्यंत वाचावा. चौघांना मारणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला दिल्लीच्या मुसलमान सुलतानानेच शिक्षा केली, असे तो सांगतो. आणि सुरुवातही वाचावी. ख्रिस्ती नवऱ्याचा मार खाल्लेली ख्रिस्ती बाई पंधरा ख्रिस्ती घरे ओलांडून काझीच्या दारात गेली. तिला तिथे कुणी ऐकून घेईल असे वाटले, आपल्या पंधरा घरांत तसे वाटले नाही. हे टोचते ना? टोचू द्या.

आता आजच्या डोंबिवलीत या. ऑक्टोबर महिना. मरियामातेची मूर्ती घरोघरी फिरते, रोज एका घरी जपमाळ. आपण वीस-पंचवीस जण एका वन-रूम-किचनमध्ये दाटीवाटीने बसलो आहोत. पंखा फुल्ल, तरी घाम थांबत नाही. घरची बाई मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून सरबताचा ट्रे फिरवते आहे. ट्रे पुढे करताना बाही वर सरकते. ती पटकन खाली ओढते. समोर बसलेल्या निदान चार बायकांनी ते पाहिलेले असते. त्यांतली एक ‘नमो मरिया’ थोडे जोरात म्हणू लागते. जपमाळ संपते, लाडीन होते, उकडलेले चणे आणि वेफर्स वाटले जातात, नवरा सगळ्यांना हात जोडून निरोप देतो. जिन्यात उतरताना कुणीतरी म्हणते, ‘काय सुंदर सजवले होते हो आल्तार!’

बंधू-भगिनींनो, त्या खोलीत साक्षीदार चार नव्हते, पंचवीस होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. गळ्यात क्रूस घातला म्हणून हात आखडतो, असे मला तरी कुठे दिसलेले नाही. तुम्हाला दिसले असेल तर सांगा.

आणि आपण अशा बाईला काय सांगतो? सहन कर, हा तुझा क्रूस आहे. नोव्हेना कर. मुलांकडे बघ. देवाने जोडलेले तोडायचे नसते. विवाहसंस्काराचा एवढा आदर, आणि ज्या देहावर तो संस्कार झाला त्याची ही किंमत! मी याला आदर म्हणायला तयार नाही. हा नुसता धाक आहे आणि तोही एकट्या बाईलाच. कारण नवऱ्याला ‘तुझा क्रूस तू वाहा, हात आवर’ असे आपण कधी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

कायदाही बराच काळ याच पठडीतला होता. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होते. बायकोला मात्र नुसता मार दाखवून चालत नसे, त्याला व्यभिचाराची जोड लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही अट मोडीत काढली, संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. म्हणजे एकशे बत्तीस वर्षे आपल्या आयाआज्यांच्या पाठीवरचे वळ कायद्याच्या हिशेबात अपुरे होते.

पण चर्चचा नियम तर सहनच कर म्हणतो ना, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. नाही म्हणत. १९८३ च्या धर्मसंहितेचा ११५३ वा नियम काढून बघा. जोडीदारापासून जिवाला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा अधिकार तिथे लिहिलेला आहे. २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या उपदेशपत्रात पोप फ्रान्सिसनी तर सांगितले, की काही वेळा वेगळे होणे नैतिकदृष्ट्याही गरजेचे ठरते. भारतीय बिशपांच्या परिषदेचे लिंगभावविषयक धोरण २०१० चे आहे. हे सगळे कपाटात आहे. लग्नाच्या कोर्सला बसलेल्या किती मुलींना यातले एक वाक्य सांगितले जाते? फादर, हा प्रश्न मी तुम्हाला विचारते आहे, आणि उत्तर आजच हवे अशी घाई नाही. पुढच्या बॅचपर्यंत चालेल.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आपण मूठभर. आधीच आपल्याकडे संशयाने पाहिले जाते. दिब्रिटोंसारख्या मराठीत आयुष्य घातलेल्या माणसाची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तरी केवळ ते फादर म्हणून विरोध झाला. अशा दिवसांत घरातली धुणी चौकात कशाला धुवायची? ही भीती खरी आहे, मी तिची टिंगल करणार नाही. फक्त एवढे पाहा, की समाजाच्या अब्रूचा हा हप्ता दर महिन्याला कोण भरते? ज्यांना पदे मिळतात, ज्यांचे फोटो स्मरणिकेत छापतात, ते नाही भरत. स्वयंपाकघरात बाही खाली ओढणारी भरते. अल्पसंख्याकांतही ती अल्पसंख्याक.

आणि घरे मोडतील म्हणणाऱ्यांना : ती मोडलेलीच आहेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा केला आहे, इतकेच.

शेजाऱ्याने काय करावे हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आपल्यापेक्षा स्पष्ट सांगून ठेवले आहे. तक्रार बाईनेच करायला हवी असे नाही. हिंसा होते आहे असे ज्याला वाटते तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तुम्ही, मी, वरच्या मजल्यावरचा गुजराती, कुणीही. १८१ हा महिलांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. तो आपल्या किती चर्चच्या सूचनाफलकावर लागला आहे? हाउजी आणि सहलीची पत्रके तिथे नेमाने लागतात.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एक ठराव मांडते. येत्या ऑक्टोबरपासून ज्या घरी मरियामातेची मूर्ती जाईल, तिथे दुसऱ्या दिवशी दोन बायकांनी पुन्हा जावे, मूर्तीशिवाय, जपमाळेशिवाय, नवरा कामावर असेल अशा वेळी. चहा घ्यावा, बसावे, बाई जे बोलेल ते ऐकावे आणि ते ब्लॉकभर करू नये. १८१ आणि संरक्षण अधिकाऱ्याचा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लागावा. लग्नाच्या कोर्सात ११५३ वा नियम मुलाला आणि मुलीला एकत्र बसवून वाचून दाखवावा. आणि दर वर्षी ९ एप्रिलला चार हुतात्म्यांची आठवण काढताना, ज्या बाईच्या तक्रारीपासून हे सगळे सुरू झाले तिच्यासाठीही प्रार्थना व्हावी. नाव ठाऊक नाही म्हणून अडायचे कारण नाही, अनाम मृतांसाठी आपण दर नोव्हेंबरात करतोच.

ठराव चिटणिसांकडे लिहून दिला आहे. अनुमोदन देणाऱ्यांनी नाव सांगावे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी इथेच, माइकवर येऊन, नावानिशी बोलावे. चहाच्या टेबलावरचा विरोध इतिवृत्तात घेतला जाणार नाही.