धुऱ्यावरचा बुडखा कशाने काढायचा?
(देऊळघाट येथील बैठकीत केलेले भाषण)



पऱ्हाटी उपटून झाली, वखराची पहिली पाळी सुरू झाली की आपल्याला धुऱ्यावरचे बुडखे आठवतात. झाड केव्हाच विकलेले असते, पैसेही संपलेले असतात. बुडखा मात्र जागचा हलत नाही. वखराची पास त्याच्या मुळीत अडकते आणि बैलांच्या खांद्याला हिसका बसतो.

आता बुडख्याचा जागेवर भुसा करणारे यंत्र निघाले आहे. गटाच्या पैशातून ते घ्यायचे का, हा आजचा प्रश्न. पैसा थेंबथेंब जमवलेला आहे, म्हणून थोडे खोलात जाऊ.

यंत्र साधे आहे. एक जड चाक, त्यावर टंगस्टन कार्बाइडचे दात. मोठे यंत्र ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालते, लहानाला स्वतःचे इंजिन असते. चाक लाकूड कुरतडत वीतभर खाली जाते. खालची मुळे तशीच राहतात, ती सावकाश कुजतात. वेड्या बाभळीला हे चालते, कारण तिचे फुटवे जमिनीलगतच्या बुडातून येतात. ते बूड गेले की ती संपते. पळसाचे तसे नाही. तो मुळांतूनही फुटतो.

पैनगंगेच्या काठच्या काळ्या रानात हे दात नीट चालतील. पण आपल्यातल्या अर्ध्या लोकांची जमीन उताराची, हातभर मातीखाली मुरूम. बुडख्याच्या मुळ्यांनी दगड कवटाळलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही असे यंत्र भाड्याने आणले, बुडखा न उकरता चालवले आणि पहिल्याच दिवशी दात तुटले. भाडे गेले, दातांची भरपाई वेगळी. चूक आमचीच होती. आधी कुदळीने भोवती उकरून दगड काढायला हवे होते, आणि ते निम्मे काम झाले की उरलेल्याला यंत्र कशाला, असे आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी विचारलेच!

जेसीबी तासावर मिळते, मुळासकट उपटते. पण खड्डा पडतो, खालचा मुरूम वर येतो आणि धुरा मोडतो. धुरा मोडला की शेजाऱ्याशी भांडण; ते तासाच्या भाड्यात धरलेले नसते. मात्र उपटलेल्या बुडख्याचे सरपण होते. यंत्राने उरतो तो भुसा. मायबहिणींनी हा हिशेब आमच्या आधी केला होता. तो भुसा तिथेच मातीत कालवू नका. लाकूड कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेते आणि त्या जागची ज्वारी पिवळी पडते. भुसा उकिरड्यात शेणाबरोबर कुजू द्या, नाहीतर झाडांच्या आळ्यात वरून पसरा.

तेव्हा आमचे मत असे. दोन-चार बुडखे असतील त्याने यंत्राचे नाव काढू नये. कुदळ, कुऱ्हाड आणि चार माणसे पुरतात. गटाने घ्यायचेच तर विकणाऱ्याला आपल्या शिवारात आणा, आपल्याच मुरमाड रानातला बुडखा दाखवा आणि म्हणा, हा काढून दाखव. दातांचा संच केवढ्याला, तो बुलढाण्यात मिळतो का, आपल्या ट्रॅक्टरची ताकद पुरते का, हे पैसे देण्याआधी विचारा. हेही लक्षात घ्या की पऱ्हाटी निघाल्यापासून मृगापर्यंत सगळ्यांना ते एकदमच लागणार आणि पुढे ते छपराखाली गंजणार. म्हणून एक उन्हाळा भाड्याने चालवून, किती बुडखे निघाले ते वहीत मांडू आणि मग ठरवू.

चालत्या पीटीओजवळ धोतर, पदर, उपरणे नको. शाफ्टवरचे झाकण काढून ठेवू नका. ढलप्या गोळीसारख्या उडतात, पोरांना लांब ठेवा.

आणि बुडख्याच्या आधी झाड येते. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. धुरा सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा.

ज्यांच्या धुऱ्यावर पाचाच्या वर बुडखे आहेत त्यांनी जाण्याआधी वहीत नाव आणि बुडख्यांचा आकडा लिहून द्यावा.