काट्यावरचा एका दिवसाचा आकडा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात वजनाच्या काट्याचे काय काम, असे आपल्याला वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. चौकशी केली तेव्हा कळले की घरी नवा काटा आणला होता. त्यावर एका दिवसात अर्धा किलो वाढलेला दिसला, म्हणून ती उपाशीच शाळेत आली होती. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी तिला रागावू शकलो नाही, कारण तशीच चूक मी स्वतः केली होती.

डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितले होते. मी भात निम्म्यावर आणला, चहातली साखर सोडली, संध्याकाळी चालू लागलो. पहिल्याच आठवड्यात दीड किलो उतरले. पुढे एका लग्नाची दावत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा सव्वा किलोने वर! एवढे करून उपयोग काय, असे म्हणून मी दोन महिने सगळेच सोडून दिले.

आम्हा दोघांचीही चूक एकच होती. आकड्याचा अर्थ आम्हाला कळला नव्हता.

काटा केवळ चरबी मोजत नाही. हाडे, मांस, पोटातले अन्न आणि पाणी, सारे मिळून तो सांगतो. एक लिटर पाणी प्या आणि लगेच काट्यावर उभे राहा. एक किलो वाढलेले दिसेल. जेवणात मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते. भात-चपातीतील पिष्टाचा थोडा साठा यकृतात व स्नायूंत असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. आहार कमी केला की आधी हा साठा आणि त्याचे पाणी जाते. माझ्या पहिल्या दीड किलोत मोठा वाटा याचाच होता आणि दावतीनंतर परत आले तेही हेच. पोट साफ न होणे, स्त्रियांच्या मासिक पाळीचे दिवस, यांनीही आकडा हलतो. रोज्याच्या दिवशी इफ्तारपूर्वी तो खाली असतो, रात्री पुन्हा वर येतो. मोठ्या माणसाच्या वजनात असा एक-दोन किलोंचा चढउतार नेहमीचाच आहे.

आता हिशेब पाहा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. मध्यम चपातीच्या १०० कॅलरी धरल्या, तर एका रात्रीत किलोभर चरबी वाढण्यासाठी गरजेपेक्षा ७७ चपात्या जास्त खाव्या लागतील!

मग वजन करू नये काय? जरूर करावे, पण रीतीने. सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर. काटा गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता फरशीवर ठेवावा. आकडा वहीत लिहावा आणि सात दिवसांची सरासरी काढावी. मी गणिताचा शिक्षक नाही, पण एवढे मलाही जमले. पुन्हा सुरुवात केली तेव्हा पहिल्या आठवड्याचे आकडे होते ८२.४, ८३.१, ८२.७, ८२.२, ८३.५, ८२.९, ८२.१. सरासरी ८२.७. दुसऱ्या आठवड्यात ८२.६, ८१.९, ८२.०, ८३.०, ८२.४, ८१.८, ८१.७. सरासरी ८२.२. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी काट्याने ८३ दाखविले, म्हणजे अगदी पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. तरीही सरासरी अर्ध्या किलोने उतरली होती. वही नसती, तर मी त्या दिवशी पुन्हा हरलो असतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पाय सुजून, दम लागून वजन झपाट्याने वाढत असेल किंवा काही न करता ते सतत घटत असेल, तर सरासरी काढत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचे वय वाढीचे आहे. या वयात वजन वाढायचेच. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून जेवण तोडू नका.

पालकांना हात जोडून सांगतो, मुलामुलींना पाहुण्यांसमोर जाडा-जाडी म्हणू नका. ते बोल मुले विसरत नाहीत. एका चाचणीच्या गुणांवरून मूल हुशार की ढ हे ठरवू नये, असे आम्ही शिक्षक तुम्हाला नेहमी सांगतो. काट्यावरच्या एका दिवसाच्या आकड्यालाही तोच न्याय लावा.

त्या मुलीच्या आईने काटा आता कपाटावर ठेवला आहे. मुलगी डबा आणते आणि मैत्रिणींबरोबर बसून संपवते. मला यातच समाधान आहे.