उचलली ती ताटली आपली

जपानमधल्या काही दुकानांत सुशी, म्हणजे भात-माशांचा तिथला पदार्थ, फिरत्या पट्ट्यावरून ताटल्यांत समोर येते आणि हवी ती ताटली गिऱ्हाइकाने उचलायची असते. पट्ट्यावरून उचललेली ताटली परत ठेवायची नाही, एवढंच मला सांगायचं आहे. नियम लहान आहे, पण ही सगळी पद्धत त्याच्यावर उभी आहे. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून योशिआकी शिराइशी यांना ही युक्ती सुचली आणि 1958 साली त्यांनी ओसाकाजवळ असं पहिलं दुकान काढलं. वाढायला माणसं कमी लागली, सुशी स्वस्त झाली. भाव विचारायचा संकोच संपला, कारण ताटलीच्या रंगावरूनच तो कळू लागला. कामगारालाही पोराबाळांना घेऊन सुशी खाणं परवडू लागलं. ही सोय टिकली ती गिऱ्हाइकांच्या एकमेकांवरच्या भरवशावर.

आपली पंगत आठवा. माणसं बसलेली, वाढपी फिरता. वाढप्याच्या भांड्यात कुणी उष्टा हात घातला, तर पुढच्या सगळ्या पानांवरचं जेवण बिघडतं, म्हणून वाढपी भांड्याला कुणाचा हात लागू देत नाही. सुशीच्या दुकानात वाढपी म्हणजे तो पट्टा, आणि पट्ट्याला डोळे नसतात. वाढप्याचं भान तिथे जेवणाऱ्यानेच ठेवायचं असतं. पुन्हा सांगतो : हात लागला की ती ताटली आपली. महागाची निघाली तरी आपली, नावडती निघाली तरी आपलीच.

कुणी म्हणेल, पट्टाच बंद करा, पडद्यावर मागणी नोंदवा. स्वच्छताही राहील, नासाडीही टळेल. नासाडीचा मुद्दा मला मान्य आहे. 2023 मध्ये सुशीच्या एका साखळीच्या दुकानात एका तरुणाने सोया सॉसची बाटली चाटल्याचा व्हिडिओ जपानभर पसरला, तेव्हा त्या साखळीने मागणीशिवाय सुशी फिरवणं थांबवलंही. पण त्याने चाटलेली बाटली मेजावरची होती. पट्टा थांबला तरी बाटली मेजावर राहणारच. मग पुढे काय काय बंद करणार? ‘कुरा सुशी’ या दुसऱ्या साखळीने पट्टा चालू ठेवला; ताटल्यांवर झाकणं तिथे आधीपासूनच होती, कॅमेऱ्यांचा पहारा वाढवला. उपाय चांगले आहेत, पण झाकण उघडणारा हात शेवटी आपलाच असतो. शिवाय डोळ्यांनी पाहून निवडण्याची मुभा लहान मुलांना आणि जपानी न वाचता येणाऱ्या पाहुण्यांना फार मोलाची आहे. पडद्यावरची यादी त्यांना ती तितकी देऊ शकत नाही.

नासाडीबद्दल आणखी बोलायला हवं होतं, पण वेळ संपत आला. जपानला जाणाऱ्या आपल्या मंडळींना एवढंच सांगणं : मुलांना पट्ट्याजवळ बसवाल, तेव्हा आधी नीट बघायला शिकवा, मग हात पुढे करायला.