नाथसागराचे उथळ पाणी

(पैठण येथे विद्यार्थ्यांच्या निसर्ग अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



उद्या पहाटे आपण नाथसागराच्या काठावर जाणार आहोत. तत्पूर्वी या जलाशयाची थोडी ओळख करून द्यावी, असे संयोजकांनी मला सुचविले. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांतून आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी नळाला येणारे पाणी याच जलाशयाचे आहे. तेव्हा ओळख तशी जुनीच. प्रत्यक्ष भेट मात्र उद्या व्हावयाची आहे.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ अशी आपल्याकडे म्हण आहे. नाथसागर उथळ आहे, पण त्याला ही म्हण लागू पडत नाही. किंबहुना त्याचे सारे वैभव आणि त्याची सारी चिंता या उथळपणातूनच निर्माण झालेली आहे. आजच्या भाषणात मला एवढी एकच गोष्ट आपणास सांगावयाची आहे.

पसरट बशी

त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतून वाहत पैठणला येते. येथपर्यंतचे तिचे पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर आहे. मूळ योजनेत हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा बदलून ती नदीच्या वरच्या अंगास पैठणला आली. नाव मात्र जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. जलाशयाला संत एकनाथांचे नाव लाभले.

सह्याद्रीच्या खिंडीत बांधलेली धरणे आपण पाहिली असतील. तेथे दोन डोंगरांमधील अरुंद जागा अडविली की काम होते. पैठणला डोंगर नाहीत. म्हणून सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण बांधावे लागले. त्याला २७ दरवाजे आहेत. त्यामागे पाणी पसरले ते थेट प्रवरासंगमापर्यंत, सुमारे ५५ किलोमीटर. पूर्ण भरल्यावर जलाशयाचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो आणि त्यात २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. या दोन आकड्यांचा भागाकार करून पाहा. सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपास येते. कोयनेच्या शिवसागरात जवळपास एवढेच पाणी साठते, पण त्याचा पसारा याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच आहे. शिवसागर हा खोल हंडा मानला, तर नाथसागर ही पसरट बशी होय.

सरकता काठ

बशीतले पाणी थोडे कमी झाले तरी तिचा काठ पुष्कळ उघडा पडतो. नाथसागराचेही तसेच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जेथे लाटा आदळतात, तेथे उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन असते. हिवाळ्यात पाणी हळूहळू मागे सरते आणि ओल्या गाळाचा पट्टा रोज थोडा थोडा मोकळा होतो. त्या गाळात किडे, शिंपले आणि पाणवनस्पतींची मुळे असतात. हे अन्न मिळविण्यासाठी हजारो पक्षी येथे उतरतात.

उद्या आपण पक्ष्यांच्या पायांकडे लक्ष द्यावे, अशी माझी सूचना आहे. अगदी कडेच्या चिखलात तुतारीसारखे छोटे पक्षी धावताना दिसतील. घोटाभर पाण्यात मालगुजा लांब चोच खुपसत असेल. त्यापुढे चमचा आणि रोहित पक्षी उभे असतील. त्याहूनही पुढे थापट्या व तलवार बदके तरंगत असतील. ज्याचे पाय जेवढे लांब, तेवढे त्याचे शेत खोल. खोल धरणात ही पंगत बसूच शकत नाही. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब आणि आपल्या काव्यांतून परिचित असलेला चक्रवाकही येथे दिसतो. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद येथे झालेली असून, १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

या मोकळ्या गाळावर माणसांचेही पोट आहे. पैठण, गंगापूर, शेवगाव आणि नेवासे या तालुक्यांतील अनेक गावे १९७०च्या दशकात पाण्याखाली गेली. घर, शेत, ग्रामदैवत सोडून ही माणसे काठावर आली. पाणी ओसरले की त्यांच्यापैकी काही जण उघड्या जमिनीत गाळपेर करतात. गहू, हरभरा घेतात. आपण जे विस्तीर्ण दृश्य पाहून हरखून जाऊ, त्याच्या तळाशी कोणाचे तरी अंगण आहे, याचे स्मरण ठेवावे.

उथळपणाची किंमत

उथळपणाची किंमतही मोठी आहे. पसरट पाण्याला ऊन अधिक लागते. भरलेल्या जलाशयाची पातळी बाष्पीभवनाने केवळ एक सेंटीमीटर उतरली, तरी ३५ लाख घनमीटर पाणी हवेत जाते. गाळ साचतो तशी बशी आणखी उथळ होते. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून किती पाणी खाली सोडावयाचे, हा प्रश्न दरवेळी उभा राहतो. २०१६च्या उन्हाळ्यात येथील उपयुक्त साठा संपला आणि पिण्यासाठी मृत साठ्यातून पाणी घ्यावे लागले. याउलट ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीला आलेल्या महापुराने पैठण शहरात पाणी शिरले. दोन्ही अनुभव एकाच पिढीने, दहा वर्षांच्या अंतराने घेतले.

विहार कसा करावा

आता आपल्या आनंदाविषयी. धरणाच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारण्यात आले. कित्येक कुटुंबांची पहिली सहल तेथेच झाली. मधल्या काळात त्याची रया गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु नाथसागराचा खरा विहार उद्यानाच्या कुंपणात मावणारा नाही. तो काठाकाठाने, पायी, पहाटेच्या वेळी करावा.

नौकाविहाराची हौस अनेकांना असते. ती गैर नाही. मात्र हे पाणी समजून घेतले पाहिजे. मैलोगणती आडोसा नसल्यामुळे वारा सुटला की लाटा लवकर उठतात, आणि उथळ पाण्यातील लाट आखूड व उभी असते. लहान होडी तिच्यात चटकन हेलकावते. म्हणून जीवरक्षक जाकीट घातल्याखेरीज होडीत पाय ठेवू नये. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय रुततो. तेव्हा पोहण्याचे धाडस करू नये. धरणाखालील नदीपात्रात भोंगा वाजताच बाहेर यावे. पक्ष्यांच्या थव्यावर होडी घालून त्यांना उडविणे हा खेळ नव्हे. दूरच्या प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला जेवत्या ताटावरून उठविण्यासारखे ते आहे.

आणि शेवटची गोष्ट. येथे टाकलेली बाटली, सांडलेले तेल, धुतलेली गाडी यांचा हिशेब आपल्याच घरच्या माठात लागतो.

उद्या सकाळी वही बरोबर आणावी. पक्ष्यांची नावे लिहिण्याआधी पाणी कोठपर्यंत आहे, याची नोंद करावी आणि काठावरील एखादे झाड वा दगड खूण म्हणून निवडावा. मे महिन्यात पुन्हा येऊन त्या खुणेपासून पाण्यापर्यंत पावले मोजावीत. धरणाची पातळी वर्तमानपत्रात रोज छापून येते. ती पायांनी मोजलेला माणूस नळ उघडा ठेवून जाणार नाही, असा मला विश्वास वाटतो.