पुस्तकांचे दुकान आणि माणुसकीचा हात
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणावरून)



आज मी जो विषय घेतला आहे, तो अशा समारंभात सहसा कोणी काढीत नाही. एच.आय.व्ही. हे नाव निघाले की मोठी माणसे माना खाली घालतात. परंतु जे शाळेत सांगितले जात नाही, ते मुलांना चौकात अर्धवट कळते. म्हणून शिक्षकाने बोललेले बरे.

न्यूयॉर्क शहरात १९९० साली 'हाउसिंग वर्क्स' ही संस्था निघाली. एड्सचा रुग्ण म्हटला की त्याची नोकरी जाई, राहते घर सुटे आणि माणूस रस्त्यावर येई. आधी डोक्यावर छप्पर, मग औषध लागू पडेल, हा कीथ सायलर, चार्ल्स किंग आदी कार्यकर्त्यांचा विचार होता. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी पुढे एक पुस्तकांचे दुकानही काढले. लोक वाचून झालेली पुस्तके दान देतात, विक्रीचे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात आणि नफा संस्थेच्या कामी लागतो. तेथे लेखकांची वाचने होतात, गाण्याच्या मैफली होतात. पुस्तक घ्यायला आलेला माणूस नकळत रुग्णांच्या कामाशी जोडला जातो. भीती अशीच हळूहळू जाते.

पण एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रात, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात हासेगाव आहे. पत्रकारिता केलेले रवी बापटले यांनी २००७ साली तेथे 'सेवालय' सुरू केले. एच.आय.व्ही. घेऊन जन्मलेली, आईबाप गेलेली, नातलगांनी दूर लोटलेली मुले तेथे वाढली. या मुलांनी गाणी आणि नृत्ये बसवून 'हॅपी म्युझिक शो' उभा केला. ज्यांच्याजवळ बसायला लोक कचरत होते, त्यांनाच पाहायला लोक तिकीट काढून आले. त्या पैशातून संस्थेला हातभार लागला. आणि टाळ्या मिळाल्या, त्याचे मोल तर पैशात होणारच नाही.

मात्र या मुलांची वाट सोपी नव्हती. २००९ साली ती गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठविण्यास नकार दिला. शेवटी प्रशासनाला मध्ये पडावे लागले. पालकहो, हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. ते पालक दुष्ट नव्हते, त्यांना आपल्या लेकरांची काळजी होती. पण काळजीला माहितीची जोड नसली, की तिच्यातून दुसऱ्याच्या लेकरावर अन्याय होतो. उद्या आपल्या वर्गात असे मूल आले तर आपण काय करणार, याचे उत्तर आजच तयार पाहिजे.

माहिती थोडक्यात सांगतो. एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने हा विषाणू पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त व सुया आणि आईकडून बाळाला, अशा ठरावीक मार्गांनीच जातो. गरोदरपणी तपासणी करून वेळेवर औषधे घेतली, तर बाळाला होणारा धोका शेकडा ५ च्या खाली येतो. रोज गोळ्या घेणारा माणूस इतरांसारखे आयुष्य जगू शकतो. आपल्या देशात २००४ पासून ही औषधे शासनाकडून मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. आणि २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तो शाळेत, नोकरीत किंवा दवाखान्यात असा भेदभाव करण्यास मनाई करतो.

आता आपल्या ब्रह्मपुरीकडे येऊ. हे गाव शिक्षणासाठी ओळखले जाते. घरोघरी जुनी पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, कथा-कादंबऱ्या पडून असतात. आपल्याकडे झाडीपट्टीची नाटके आहेत; रात्र रात्र बसून ती पाहणारा रसिक आहे. मग संस्थेच्या आवारात वर्षातून एकदा जुन्या पुस्तकांचे दुकान का लावू नये? सोबत एक मुशायरा, एक नाटक. पुस्तके विद्यार्थ्यांना निम्म्या किमतीत मिळतील आणि आलेला पैसा रुग्णांच्या कामी लागेल. औषध मोफत असले, तरी त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जायचे, तर बसभाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजुराला तर एक दिवसही भारी पडतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. व्यासपीठावर बोलावून, हार घालून, फोटो काढून ही मदत देता येणार नाही. रुग्णाचे नाव त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, असे कायदाही सांगतो. रक्कम रुग्णालयाच्या समुपदेशकामार्फत पोचवावी आणि ती कोणाला मिळाली, हे आपण विचारूही नये.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर आपले कपाट उघडा आणि वाचून झालेली दोन पुस्तके बाजूला काढून ठेवा. पालकांनी त्या पुस्तकांबरोबर आपल्या मनातील भीतीही बाजूला काढावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.